बगळ्याचे पिवळे पाय

धनादेश परत आला तेव्हा त्यासोबतच्या चिठ्ठीवर कारण एकाच ओळीत छापलेले होते : खातेदाराची सही नमुन्याशी जुळत नाही. घराची कौले चाळून देणारा माणूस तो कागद घेऊन दारात उभा होता आणि त्याच्यापेक्षा बाईच अधिक ओशाळल्या होत्या. त्यांनी कपाटातून रोख रक्कम काढून दिली, चहा पाजला आणि दार लावून घेतले. पालघर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत तीस वर्षे चित्रकला शिकवलेल्या या शिक्षिका. फळ्यावर हाताने वर्तुळ काढले तर मुले कंपास लावून तपासत आणि हरत. त्यांची सही खोटी ठरावी, हे त्यांना पैशांपेक्षा अधिक लागले.

बँकेच्या बाजूने पाहिले तर काउंटरवरील माणसाचे चुकले असे म्हणता येणार नाही. खाते उघडताना घेतलेली नमुना सही हाच त्याच्यापुढचा पुरावा. ती सही चाळिशीतल्या हाताची, एका दमात केलेली. धनादेशावरील सही चौसष्टाव्या वर्षाच्या हाताची. तिच्या प्रत्येक वळणावर बारीक दाते पडलेले. वय वाढते तशी सही बदलते आणि अशा वेळी नवा नमुना देता येतो, हे बँकेत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. खातेदाराला मात्र ते सहसा कोणी आपणहून सांगत नाही.

हाताचा कंप नवा नव्हता. निवृत्तीच्या आधी दोन वर्षे तो सुरू झाला होता. डॉक्टरांनी तपासून हा कंपवात नव्हे असा निर्वाळा दिला होता. हात मांडीवर स्वस्थ असला की स्थिर राहतो, कामाला लागला की थरथरतो. हा त्रास वयाबरोबर अनेकांना होतो, जिवाला धोका नाही, असे त्यांनी समजावले. जिवाला नाही हे खरे. पण ब्रश उचलला की थरथरणारा हात चित्रकाराला काय उपयोगाचा? शेवटच्या दोन वर्षांत बाईंनी फळ्यावर काढणे कमी केले आणि मुलांनाच पुढे बोलावून त्यांच्याकडून काढून घेऊ लागल्या. मुलांना वाटे, बाई आपल्याला संधी देत आहेत. निवृत्तीनंतर शिरगावच्या घरी ब्रशांचा डबा माळ्यावर गेला. दिवाळीत दारातील रांगोळी शेजारची मुलगी काढू लागली. विचारले तर बाई म्हणत, आता कंबर वाकत नाही.

अशा दिवसांत गावातील एका महिला बचत गटाच्या चौघीजणी त्यांच्याकडे आल्या. गटाने कापडी पिशव्या शिवायला घेतल्या होत्या. कोऱ्या पिशवीला भाव येत नाही. तिच्यावर एखादा पक्षी छापून हवा होता. चौघींपैकी दोघी बाईंच्याच विद्यार्थिनी. छपाईवाल्याने त्यांना अट घालून दिली होती : रंग दोनच. जाळीच्या छपाईत प्रत्येक रंगाची चौकट वेगळी तयार करावी लागते आणि प्रत्येक रंगासाठी पिशवीवरून एकदा हात फिरवावा लागतो. तिसरा रंग आला की पिशवीमागचा खर्च वाढतो आणि नफा तेथेच संपतो. बाईंनी नकार दिला. कारण मात्र सांगितले नाही.

ते कारण नातीने ओळखले. बोईसरला राहणारी, कॉलेजात शिकणारी ही मुलगी सुट्टीला आजीकडे येई. एकदा येताना तिने आपला जुना लॅपटॉप आणि चित्रे काढण्याची पेन टॅब्लेट आणली. "आजी, यात रेघ सरळ करून मिळते," असे ती म्हणाली. आजींना त्या वाक्याचा रागच आला. मिळालेली रेघ ही कोणाची रेघ, असा त्यांचा प्रश्न होता. तरी श्रावणातल्या एका दुपारी, पाऊस धरलेला आणि घरात कोणी नसताना, त्यांनी ते पेन हातात घेतले.

पण त्याआधी पक्षी ठरायचा होता. गटातील एकीला मोर हवा होता, दुसरीला पोपट. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी, म्हणून त्याचेही नाव निघाले. वारली पद्धतीने काढा, पिशव्या हातोहात खपतील, असेही कोणी सुचवले. यावर बाई पहिल्यांदा ठामपणे बोलल्या. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी तांदळाच्या पिठाने रंगवलेल्या आकृती त्यांनी पाहिल्या होत्या. लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणींनी काढायचा चौक, त्यातली पालघाट देवी, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभा केलेला माणूस, हे सारे एका समाजाच्या विधीतून आलेले आहे. मशे यांनी ती कला कागदावर आणि कापडावर आणून जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. जिल्हा एक असला म्हणून ती भाषा आपली होत नाही, असे बाईंचे म्हणणे. आज कोणत्याही दुकानातील पेल्यावर आणि पडद्यावर वारली माणसे नाचताना दिसतात, तेव्हा हे म्हणणे हट्टी वाटेल. पण ते खोटे नाही.

त्यांनी निवडला बगळा. चौघींची तोंडे उतरली. बगळा म्हणजे ढोंगी, बकध्यान लावून बसणारा. त्याला पिशवीवर कोण घेईल? बाईंचे उत्तर साधे होते : जो रोज दिसतो तोच काढता येतो. शिरगावच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनापलीकडे ओहोटी लागली की बगळे उतरतात. पावसाळ्यात ते भातखाचरांत असतात, किल्ल्याच्या बाजूलाही दिसतात. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांच्या हाती आलेला हा छोटा किल्ला. आत फांद्या फुटलेला रावणताड उभा आहे. ताडाला फांद्या नसतात असे पुस्तकात शिकवावे आणि गावातच तो फांद्या पसरून उभा असावा, याची बाईंना नेहमी गंमत वाटे. पाहिल्याशिवाय काढू नका, हे त्या वर्गात सांगत तेव्हा याच झाडाचा दाखला देत.

पाहू लागल्यावर कळले की 'बगळा' हा एक पक्षी नाही. गुरांच्या मागे फिरणारा गायबगळा, चोच पिवळी, विणीच्या दिवसांत डोके आणि मान केशरी. मोठा बगळा, उंच आणि संथ. वंचक, बसला की मातकट आणि उडाला की एकदम पांढरा. आणि छोटा बगळा : चोच काळी, पाय काळे, पण पावले पिवळी, जणू कोणी घोट्यापर्यंत हळदीत बुडवून काढली आहेत. हे पिवळे पाऊल नुसती शोभा नव्हे. उथळ पाण्यात एक पाय पुढे टाकून तो चिखल हलकेच ढवळतो आणि तळाशी दडलेले जीव हलले की त्यांना टिपतो. ध्यान लावणारा म्हणून बदनाम झालेला हा पक्षी प्रत्यक्षात फारसा स्थिर उभा राहत नाही.

पावसाळ्यात छोट्या बगळ्याच्या डोक्यामागे दोन लांब पिसे लोंबतात आणि पाठीवर झिरझिरीत तुरा फुटतो. या तुऱ्यापायी एके काळी त्याचा सर्वनाश व्हायची वेळ आली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांवर ही पिसे मिरवत आणि तुरा विणीच्याच काळात येत असल्याने पक्षी मारले जात तेव्हा घरट्यात पिल्ले असत. त्याविरुद्ध आवाज उठवला तोही स्त्रियांनीच. इंग्लंडमध्ये १८८९ साली स्थापन झालेली पक्षिरक्षणाची संस्था त्यांच्याच पुढाकारातून उभी राहिली. भारतातून रानपक्ष्यांची पिसे बाहेर पाठवण्यावर १९०२ साली सरकारने बंदी घातली. नातीने ही माहिती वाचून दाखवली तेव्हा बाईंनी तुरा चित्रात घ्यायचा नाही असे ठरवले. पुढे दोन दिवसांनी तो निर्णय बदलला, आणि पुन्हा एकदा बदलला.

पहिली रेखाटने कागदावर झाली, आणि ती वाईट झाली. पेन्सिलची रेघ थरथरत गेली, मान सुतळीसारखी दिसू लागली. मग नातीने फोनवर टिपलेले एक छायाचित्र लॅपटॉपवर घेतले. इंकस्केप नावाची एक मोफत प्रणाली आहे; तिच्यात छायाचित्राची बाह्यरेखा आपोआप काढून घेण्याची सोय असते. कळ दाबली, आणि बगळा तयार झाला. पण जवळ जाऊन पाहिले तर त्या रेघेत शेकडो बिंदू होते. पाण्याचा प्रत्येक शिंतोडा, पिसांचा प्रत्येक तुटका काठ यंत्राने निष्ठेने नोंदवला होता. महत्त्वाचे काय आणि बिनमहत्त्वाचे काय, हे त्याला कळत नव्हते. बाई एवढेच म्हणाल्या, "याला शून्य गुण."

पेनाने काढताना रेघ गुळगुळीत करून देणारी सोयही नातीने दाखवली. तीत रेघ पेनाच्या थोडी मागून येते आणि हाताचे बारीक हेलकावे गाळून टाकते. थरथरणे गेले, परंतु त्याबरोबर कोपरेही गेले. चोच जेथे डोक्यातून एकदम निघते तेथे तीक्ष्ण वळण हवे. ते मऊ, साबणासारखे झाले.

वाट सापडली ती तिसऱ्या ठिकाणी. या प्रणालीत रेघ हाताने ओढावीच लागते असे नाही. पडद्यावर एक बिंदू ठेवायचा, दुसरा ठेवायचा. मधली वक्ररेषा गणित काढते. प्रत्येक बिंदूला दोन बाजूंना दोन दांडे असतात. दांडा लांब केला की वळण फुगते, फिरवला की दिशा बदलते. मोटारींच्या अंगाची वळणे कागदावर नेमकी बसवता यावीत म्हणून १९६० च्या सुमारास फ्रान्समधील दोन कारखान्यांत ही रीत निघाली : सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए. नाव बेझिएंचे राहिले. बाईंना त्या गणिताशी कर्तव्य नव्हते. त्यांच्या लक्षात आली ती दुसरीच गोष्ट. बिंदू एकदा ठेवला की कळफलकावरील बाणाच्या कळीने तो केसभर सरकवता येतो. कळ दाबणाऱ्या बोटाला कंप असला तरी बिंदूला नसतो.

"अगं, ही तर ठिपक्यांची रांगोळी!" असे त्या नातीला म्हणाल्या. अंगणात पिढ्यान्‌पिढ्या बायका हेच करत आल्या. आधी ठिपके मोजून मांडायचे, मग रेघांनी जोडायचे. हंस किती ठिपक्यांचा आणि कमळ किती ठिपक्यांचे हे पाठ असायचे. हात चुकला तरी ठिपका चुकत नसे.

त्या संध्याकाळपासून चित्राची मोजदाद सुरू झाली. पहिल्या आकृतीत ६४ बिंदू होते. एकेक बिंदू काढून पाहायचा. आकार बिघडला तर परत आणायचा, नाही बिघडला तर त्याची गरजच नव्हती. शासकीय रेखाकला परीक्षांच्या संकल्पचित्रासाठी मुलांना तयार करताना त्या हेच सांगत : पक्ष्याला फुले-पाने चिकटवली की तो आलंकारिक होत नाही, त्याच्यातले काय सोडायचे नाही ते शोधा आणि बाकीचे सोडा. अमेरिकेतील चार्ली हार्पर या चित्रकाराने (१९२२–२००७) आयुष्यभर पक्षी असेच काढले. सरळ रेघा, वर्तुळाचे तुकडे, सपाट रंग, तरीही पाहताक्षणी जात ओळखू यावी. हार्परचे नाव नातीने सांगितले. बाईंनी त्याची चित्रे बारकाईने पाहिली आणि मग लॅपटॉप बंद करून ठेवला. दुसऱ्याचे चित्र फार वेळ पाहिले की हात त्याच्यामागे जातो, असे त्यांचे मत.

सर्वांत जास्त दिवस मानेने घेतले. बगळ्याच्या मानेतील सहावा मणका इतरांपेक्षा लांब असतो; त्यामुळे मान नुसती वळत नाही, एका जागी मोडल्यासारखी दुमडते. तो दुमडा घालवून गोंडस वळण काढले की बगळ्याचा हंस होतो. बाईंचा पहिला सुंदर बगळा हंसच होता. बचत गटाला तो फार आवडला. बाईंनी तो पुसून टाकला. पाच बिंदूंऐवजी चार, आणि मधल्या बिंदूचा एक दांडा अगदी आखूड, तेव्हा कुठे मान मोडली.

येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. हिशेबाच्या वहीत खाडाखोड चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि आद्याक्षरी करायची. चूक झाली होती हे वहीने कायम दाखवले पाहिजे. संगणकावर मात्र एक कळ दाबली की मागचे सारे पूर्ववत होते, चुकीला साक्षीदार उरत नाही. बाईंना हे पटले नाही. त्यांनी प्रत्येक दिवसाच्या अखेरचा बगळा तारखेच्या नावाने वेगळा जतन करून ठेवला. असे एकूण २३ बगळे झाले.

रंगांचा पेच उरला होता. बगळा पांढरा, पिशवीचे कापड मळखाऊ पांढरे, रंग दोन. गडद निळा-राखाडी चिखलाचा, आणि पिवळा पावलांचा. गडद वर्तुळ छापून त्यात बगळ्याचा आकार कोरा सोडला तर कापडच बगळा होते, पांढऱ्या रंगाचा खर्चही नाही. पण मग काळी चोच कशी दाखवणार? गडदावर गडद ती बुडून जाई. दोन दिवस त्या याच एका अडचणीपाशी थांबल्या. चोचीभोवती बारीक पांढरी रेघ देऊन पाहिली. ती पट्टी बांधल्यासारखी दिसली. अखेर उपाय निघाला तो स्वयंपाकघरात, ताटाच्या काठाबाहेर आलेली पळी पाहून. बगळ्याचे डोके वर्तुळाच्या काठाला भिडवायचे आणि चोच काठाबाहेर काढायची. आत कोरा बगळा, बाहेर कोऱ्या कापडावर गडद चोच. पायांचेही तसेच, वर्तुळ संपते तेथे पाय सुरू होतात. एकाच रंगाने आत पोकळी दाखवली आणि बाहेर वस्तू. तुऱ्याची दोन पिसे शेवटी राहिली, वर्तुळाच्या आत, दोन कोऱ्या रेघांची.

छपाईवाल्याने नमुना पाहून एक सूचना केली : दोन रंग एकमेकांना चिकटवू नका, कापड सरकते, मग एकावर दुसरा चढतो. म्हणून काळा पाय आणि पिवळे पाऊल यांच्यात पातळ फट ठेवली. पडद्यावर ती दोषासारखी दिसत होती. कापडावर तिने घोट्याचे काम केले. पिवळा मात्र पहिल्या खेपेस फिका पडला. कोऱ्या सुती कापडाचा रंग आधीच साईसारखा असतो, त्यावर लिंबाचा पिवळा उठत नाही. बाई रिक्षाने स्वतः पालघरला गेल्या आणि सोबत नेलेली हळकुंडाची ओली पूड त्यांनी दाखवली.

चित्रातील खरी चूक दाखवली ती गटातील एका स्त्रीने. तिचे माहेर सातपाटीचे, लहानपण खाडीकाठी गेलेले. नमुन्याची पिशवी हातात घेऊन तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, बगळा छान आहे, पण उगाच उभा आहे. त्याचा एक पाय नेहमी कामात असतो. बाईंना आधी वाईट वाटले. २३ दिवस पाहूनही दोन्ही पाय त्यांनी खांबांसारखे सरळ उभे केले होते, कारण वर्तुळाखाली ते समतोल दिसत होते. त्यांनी घरी येऊन उजव्या पायाचे दोन बिंदू पुढे सरकवले. पाऊल थोडे तिरके झाले, पिवळी बोटे फाकली. समतोल गेला, बगळा चालू लागला. शेवटच्या आकृतीत १९ बिंदू आहेत, असे नात सांगते. बाईंनी पुन्हा मोजले नाहीत.

पिशव्या दिवाळीआधी तयार झाल्या. गटातील बायकांचा आग्रह होता की खाली बाईंचे नाव असावे, आणि तेही त्यांच्या हस्ताक्षरात, छापील अक्षरांत नको. बाई तयार होईनात. नातीने पेन पुढे केले. त्यांनी टॅब्लेटवर एकदाच सही केली. रेघ गुळगुळीत करणारी सोय चालू आहे का ते आधी पाहून घेतले आणि ती बंद करायला लावली. सही दातेरीच उमटली. छपाईवाल्याने विचारले, ही रेघ अशीच ठेवायची का? अशीच, असे त्यांनी सांगितले.

त्यानंतरच्या सोमवारी त्या बँकेत गेल्या. नव्या नमुना सहीचा अर्ज मागितला, ओळखपत्राची प्रत जोडली. अर्जावर सहीसाठी तीन चौकटी होत्या. रांगेत मागे चार-पाच माणसे उभी होती. बाईंनी कोपर काउंटरवर टेकवले आणि सावकाश तीन सह्या केल्या. त्या तिन्ही एकमेकींशी पुरत्या जुळत नव्हत्या. काउंटरवरील तरुण अधिकाऱ्याने त्या पाहिल्या, मग काउंटरवर ठेवलेल्या पिशवीकडे पाहिले आणि विचारले, "हा कोणता पक्षी?"

"छोटा बगळा," बाई म्हणाल्या. "पाय पाहा."

त्याने पाय पाहिले आणि अर्जावर शिक्का मारला.